नाव बदलावे, फेरफार मिटवू नये

अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा ३१ मे २०२३ रोजी चौंडी येथे झाली. १३ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अधिसूचना निघाली. त्यानंतर पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेड बदलली. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म १७२५ साली याच जिल्ह्यातल्या चौंडीचा. त्यांच्या योग्यतेबद्दल कुणाच्याही मनात शंका असण्याचे कारण नाही. जिल्ह्याचे नाव काय असावे हा राजकारणाचा प्रश्न आहे, त्यावर बरेच लिहून झाले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. मला इथे त्याच्या शेजारचा, पण कुणी फारसा न बोललेला प्रश्न मांडायचा आहे. पाट्यांबरोबर आपण जुने कागदही बदलायला निघालो तर काय होईल?

हा प्रश्न मला पडला तो राजूरमुळे. अकोले तालुक्यातले हे गाव भंडारदऱ्याच्या वाटेवर आहे. पेढ्यांसाठी आणि डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी लोक त्याला ओळखतात. या परिसरातल्या काही ओळखीच्या घरांतून मला जुन्या कागदांचे फोटो मिळाले आहेत. खरेदीखते, शाळेचे दाखले, सातबाराच्या नकला, दोन-चार मोडी कागद. सगळे मोबाईलवर काढलेले. त्यामुळे फाईलींची नावे म्हणजे मोबाईलने दिलेले लांबलचक आकडे. ज्यांनी कुणी हाताने नावे दिली, त्यांनी आपापल्या पद्धतीने दिली. एकाने ‘अहमदनगर’, दुसऱ्याने ‘अहमद नगर’ असे तोडून, तिसऱ्याने ‘अ.नगर’, चौथ्याने नुसते ‘नगर’. गावाचेही तेच. कुठे ‘राजूर’, कुठे ‘राजुर’.

काही शे फाईलींची नावे एकेक करून बदलायची म्हणजे दोन-तीन दिवस जाणार. संगणकाचे शिक्षण घेणारा एक तरुण म्हणाला, ‘सर, एका ओळीत होईल. आणि होतेच आहे तर अहमदनगरचे अहिल्यानगरही करून टाकू.’ पहिले वाक्य शंभर टक्के खरे होते. दुसऱ्या वाक्यापाशी मी त्याला थांबवले. का थांबवले, ते सांगण्यासाठी हा लेख.

एका ओळीची करामत

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली घडवली. १९७१ च्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत ‘एमव्ही’ नावाची आज्ञा आहे. मूव्ह या शब्दाचे ते आखूड रूप. फाईल हलवायची असो वा तिचे नाव बदलायचे असो, काम हीच आज्ञा करते. आज लिनक्स आणि मॅकवर तीच आज्ञा त्याच नावाने चालते.

युनिक्सच्या रचनेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथे फाईलचे नाव फाईलमध्ये लिहिलेले नसते. प्रत्येक फाईलला एक क्रमांक असतो, त्याला इनोड म्हणतात. फोल्डर म्हणजे फक्त एक यादी, या नावाचा हा क्रमांक. नाव बदलले की यादीतली एक नोंद बदलते. आतला मजकूर, फोटो, अक्षर, काहीही हलत नाही. सुरुवातीच्या युनिक्समध्ये तर नाव बदलणे ही एक क्रियासुद्धा नव्हती. आधी त्याच क्रमांकाला नवे नाव जोडायचे आणि मग जुने नाव तोडायचे. म्हणजे क्षणभर का होईना, एकाच वस्तूला दोन्ही नावे असत. पुढे १९८३ मध्ये बर्कलीच्या युनिक्समध्ये ‘रिनेम’ ही स्वतंत्र क्रिया आली आणि तो मधला क्षण संपला. सोय झाली. पण नव्या नावाची दुसरी फाईल तिथे आधीच असेल, तर ही क्रिया तिला निमूटपणे पुसून तिची जागा घेते.

एमव्ही एका वेळी एकच नाव बदलते. शंभर नावे एकदम बदलायची तर वेगळे साधन लागते. पर्ल ही भाषा लिहिणाऱ्या लॅरी वॉल यांनी त्यासाठी एक छोटासा प्रोग्राम लिहिला. पर्लबरोबर नमुना म्हणून तो वाटला जाई. त्याचेही नाव ‘रिनेम’. त्याला सांगायचे एवढेच : एस, मग तिरपी रेघ, जुना शब्द, तिरपी रेघ, नवा शब्द, तिरपी रेघ, आणि शेवटी कोणत्या फाईली. एस म्हणजे सब्स्टिट्यूट, बदली. जुन्या शब्दाच्या जागी नुसता शब्दच नव्हे, एखादा साचाही देता येतो. ‘चार आकडे, मग आडवी रेघ, मग दोन आकडे’ असे सांगितले की त्या साच्यात बसणारे सगळे त्याला सापडते.

गंमत म्हणजे ‘रिनेम’ याच नावाचे आणखी एक साधन आहे. डेबियन आणि उबुंटू घराण्यातल्या लिनक्सवर रिनेम म्हणून बहुधा पर्लचे साधन मिळते. फेडोरा आणि रेड हॅट घराण्यात याच नावाने दुसराच प्रोग्राम येतो. तो साचे ओळखत नाही. त्याला फक्त जुना शब्द, नवा शब्द आणि फाईली द्यायच्या. पर्लचे रिनेम त्या नावाची फाईल आधीच असेल तर मुद्दाम जबरदस्ती केल्याशिवाय तिच्यावर लिहीत नाही. दुसरे मात्र तशी मनाई केली नाही तर लिहून मोकळे होते. नावे बदलणाऱ्या साधनांचीच नावे सारखी आणि स्वभाव वेगळे! नावावर विसंबू नये, याचा पहिला धडा इथेच मिळतो.

राजूर किती आणि अहमदनगर किती

आता त्या तरुणाची आज्ञा चालवून पाहू. ‘अहमदनगर’च्या जागी ‘अहिल्यानगर’. डोळ्यांसमोर काय येईल? ‘अहिल्यानगरची निजामशाही’. ‘अहिल्यानगरचा वेढा, १५९५’. चाँदबीबीने मोगल शहजादा मुरादच्या फौजेपुढे किल्ला लढवला तेव्हा अहिल्यादेवींचा जन्म व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षे होती. आजच्या बोलण्यात ‘आताचे अहिल्यानगर’ म्हणणे बरोबर आहे. पण जुन्या प्रसंगाच्या गळ्यात नवे नाव अडकवले की वाचणाऱ्याचा काळाचा हिशेब चुकतो. अहमद निजामशाहने १४९० मध्ये बहामनी सत्तेपासून फारकत घेतली आणि १४९४ मध्ये भिंगारजवळ नव्या शहराचा पाया घातला. फरिश्ता सांगतो की अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला. ‘अहमदनगर’ या चार अक्षरी आणि तीन अक्षरी शब्दांच्या जोडीत ही सगळी गुंतागुंत बसली आहे. अरबी नाव आणि संस्कृत ‘नगर’ यांची सांधेजोडच या दख्खनची ओळख आहे.

बरे, जुन्या कागदात ‘अहमदनगर’ दिसले म्हणजे ते आपलेच, असेही नाही. गुजरातेतले आजचे हिंमतनगर हे सुलतान अहमदशाहने १४२६ मध्ये वसवलेले अहमदनगर. १९१२ मध्ये ईडरच्या महाराजांनी आपल्या मुलाच्या नावावरून त्याचे हिंमतनगर केले. कुण्या व्यापारी घराण्याच्या कागदात त्याआधीचे ‘अहमदनगर’ आले आणि आपण आज्ञा चालवली, तर साबरकांठ्याचे शहर एका क्षणात सीना नदीच्या काठी येऊन बसेल.

राजूरचेही तसेच. अकोले तालुक्यात राजूर, जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात गणपतीचे राजूर, यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ कोळशाच्या खाणीचे राजूर. आणि ज्या तालुक्यात आपले राजूर आहे त्या अकोल्याचे इंग्रजी स्पेलिंग जुन्या सरकारी कागदांत विदर्भातल्या अकोल्यासारखेच असे. म्हणजे ‘राजूर, अकोला’ एवढ्यावरून कागद कुठला हे सांगता येत नाही. तीन ठिकाणच्या राजूरचे खरेदीखत क्रमांक १ एकाच फोल्डरमध्ये आले आणि तिघांना एकच नाव दिले, तर तिघांतला एकच उरेल. बाकीचे दोन कुणी चोरणार नाही, जाळणार नाही. यादीतली नोंद जाईल आणि त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाट बंद होईल.

औरंगाबादची साखळी तर आणखी लांब. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी या गावी राजधानी वसवली. त्याचा मुलगा फत्तेहखानने तिला फत्तेहनगर म्हटले. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन आला तेव्हापासून औरंगाबाद. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. आता कुणी उत्साहाने सगळी ‘खडकी’ एका आज्ञेत छत्रपती संभाजीनगर केली तर पुण्याच्या खडकीची लढाई, ५ नोव्हेंबर १८१७, मराठवाड्यात जाऊन पोचेल.

आणखी एक साधी अडचण. फाईलींवर कुणी नुसते ‘नगर’ लिहिले आहे म्हणून ‘नगर’च्या जागी ‘अहिल्यानगर’ करा असे सांगितले, तर पहिल्या फेरीत ‘विठ्ठलनगर’ वसाहतीचे ‘विठ्ठलअहिल्यानगर’ होईल. आणि चुकून तीच आज्ञा दुसऱ्यांदा चालली तर ‘अहिल्यानगर’चे ‘अहिल्याअहिल्यानगर’. यंत्राला शहर कळत नाही, फक्त अक्षरांची रांग कळते. त्यातही त्याच्या दृष्टीने ‘राजूर’ आणि ‘राजुर’ हे दोन वेगळे शब्द, ‘१९२६’ आणि इंग्रजी आकड्यांतले तेच साल हेही दोन वेगळे. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. म्हणजे मूळ मोडी कागदात राजूरचा उकार ऱ्हस्व की दीर्घ हा प्रश्नच नव्हता. तो आपण देवनागरीत आणताना निर्माण केला आणि यंत्राने त्याची भिंत केली.

सुलतान, बादशाह आणि घाऊक नामांतर

नावे घाऊक बदलण्याची हौस संगणकाने आणलेली नाही. मुहंमद बिन तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद केले. शिवाजी महाराजांनी रायरीचा रायगड केला, मुरुंबदेवाच्या डोंगराचा राजगड केला. औरंगजेबाने आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत एकेक किल्ला घेत नावे बदलली. साताऱ्याचे आझमतारा, सिंहगडाचे बक्षिंदाबक्ष, तोरण्याचे फुतुहुल्गैब, रायगडाचे इस्लामगड. बादशाही फर्मानात ती नावे गेली, दरबारी तवारिखांत गेली. लोकांच्या तोंडी सातारा सातारा राहिला आणि तोरणा तोरणा.

आपल्या समाजात हल्लीच्या नामांतरांबद्दल जी खंत आहे ती मला समजते. तीत माझाही वाटा आहे. पण औरंगजेबाने केलेले नामांतर वैभवाचे आणि आजचे तेवढे अन्यायाचे, असा हिशेब मांडता येत नाही. सत्ता आली की नाव बदलते. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम एवढेच की कोणत्या साली, कुणाच्या हुकमाने, कोणत्या नावाचे कोणते नाव झाले, ही साखळी तुटू देऊ नये. आझमतारा हे नाव आज कुणी वापरत नाही. तरीही ते विसरले तर १७०० नंतरचे मोगल कागद वाचताच येणार नाहीत. त्याच न्यायाने ‘अहमदनगर’ विसरले तर पाच शतकांचे कागद मुके होतील.

भंडारदऱ्याचेच पाहा. प्रवरेवरचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाने ते विल्सन डॅम, त्याच्या पाण्याला आर्थर लेक, आणि गावच्या नावाने भंडारदरा. तिन्ही नावांनी कागद सापडतात. एकच नाव ठेवून बाकीची दोन मिटवली, तर त्या नावांनी शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही. राजूरजवळच्या देवगावचे क्रांतिकारक राघोजी भांगरे यांना इंग्रजांनी १८४८ मध्ये ठाण्यात फाशी दिली. इंग्रजी कागदांत त्यांचे आडनाव ‘भांग्रिया’ असे आले आहे. उद्या कुणी ‘दुरुस्ती’ म्हणून ते सरसकट ‘भांगरे’ केले, तर इंग्रज दफ्तराचा मूळ हवाला शोधणारा अभ्यासक रिकाम्या हाताने परतेल.

नावांचे शास्त्र आपल्याकडे जुनेच

मुस्लिम विद्वानांनी हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी हाताळला होता. हदीस सांगणाऱ्यांची साखळी पारखायची तर आधी माणूस ओळखावा लागे. एकाच नावाचे दहा जण, सगळे हदीस सांगणारे, काही विश्वासू, काही नाहीत. त्यातून अस्मा-उर-रिजाल म्हणजे माणसांच्या नावांचे शास्त्रच उभे राहिले. दारकुत्नी (मृत्यू ९९५) यांनी लिहिताना सारखी दिसणारी पण उच्चारात वेगळी असणारी नावे गोळा केली. अरबी लिपीत नुक्ते आणि स्वरचिन्हे गळाली की दोन भिन्न नावे एकच दिसू लागतात, म्हणून हे ग्रंथ लागले. खतीब बगदादी (मृत्यू १०७१) यांनी तर हुबेहूब एकच नाव असलेल्या वेगवेगळ्या माणसांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एकाच नावाच्या दोन फाईलींची टक्कर म्हणतो ती हीच.

त्या विद्वानांनी उपाय कोणता काढला? सारखी नावे त्यांनी बदलली नाहीत. नावाला बापाचे नाव जोडले, गावाची निस्बत जोडली, गुरू कोण, शिष्य कोण, मृत्यूचे साल कोणते हे जोडले. मूळ नाव जसेच्या तसे, ओळख पटवणारी माहिती शेजारी. फरिश्ता हे आपण एका शब्दात म्हणतो, पण त्याचे नाव मुहंमद कासिम हिंदूशाह, आणि अस्तराबादी ही निस्बत. तो निजामशाही दरबारातून १५८९ मध्ये विजापूरला गेला. नाव जितके पूर्ण, तितकी गफलत कमी.

एका अक्षराने काय बिघडते

हे सगळे पंडिती वाटत असेल तर गावातले उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०. त्यामुळे आजोबांच्या शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुने खरेदीखत यांना सोन्याची किंमत आली आहे. मुलाणी, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मणियार ही आपली घरे या कागदांच्या मागे धावतात. राजूरच्या आदिवासी पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबे धावतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी कागदांचे महत्त्व साऱ्या महाराष्ट्राला कळले.

आता या कागदांत नावे कशी असतात? एकाच माणसाचे नाव शाळेत ‘महंमद’, खरेदीखतात ‘महमद’, रेशन कार्डावर ‘मोहम्मद’. ‘मुलाणी’ कुठे ‘मुलाणे’. कुठे जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’. कुठे ‘कोळी महादेव’, कुठे ‘म. कोळी’. फाईलीला नाव देताना हे सगळे ‘शुद्ध’ करून टाकावे असा मोह होतो. एका आज्ञेचे काम. पण पडताळणी समितीपुढे बसलेल्या माणसाला फाईलीच्या नावाची शुद्धता नको असते, कागदावर आहे तेच अक्षर हवे असते. फाईलीवर ‘मोहम्मद मुलाणी’ आणि आत ‘महमद मुलाणे’ असेल, तर शोधणाऱ्या नातवाला ती सापडणार नाही. सापडली तरी समोरचा विचारील, हे नाव तुम्ही कुठून आणले? ज्या समाजाला आपण इथलेच असल्याचे पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते, त्याला ही चैन परवडणारी नाही.

तारखांचे तर विचारूच नका. पेशवाईतल्या मोडी कागदावर साल अरबी शब्दांत येते. ‘सुरू सन समान खमसैन मया व अलफ’. समान म्हणजे ८, खमसैन ५०, मया १००, अलफ १०००. झाले ११५८. हा शुहूर सन, शेतकऱ्याच्या मृग नक्षत्राला सुरू होणारा, म्हणून मृगसाल. त्यात ५९९ मिळवले की १७५७, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. ब्राह्मण कारकून, मराठा पाटील, मोडी अक्षर आणि अरबी आकडा. यापेक्षा स्पष्ट सहजीवनाचा पुरावा काय द्यायचा? पण कुणी ११५८ हे फसली साल समजला तर हिशेब आठ-नऊ वर्षांनी पुढे-मागे होतो, आणि हिजरी समजला तर बारा-तेरा वर्षांनी. म्हणून यंत्राला साल बदलायला सांगण्याआधी सन कोणता हे माणसाने ठरवायचे. तो निर्णय आज्ञेत नसतो.

तलाठ्याकडून शिकावे

मग काय करावे? उत्तर आपल्या तलाठ्याच्या दफ्तरातच आहे. सातबाऱ्यावर मालक बदलला की हाती लिहिलेल्या काळात जुन्या मालकाचे नाव खोडरबराने पुसत नसत. त्याला कंस करत, नवे नाव खाली लिहीत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक टाकत. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार वही उघडली की कोणत्या तारखेला, कशाच्या आधारे, खरेदीने की वारसाने, नाव बदलले ते समजे. ‘दफ्तर’, ‘मौजे’, ‘नक्कल’ हे शब्दही सुलतानी-मोगली कारभारातून मराठीत मुरलेले. पन्नास वर्षांपूर्वीच्या मालकापर्यंत उलट चालत जाता येते ते या वहीमुळे.

फाईलींची नावे बदलताना हीच वही ठेवायची. मी ती अशी ठेवतो. प्रथम सगळ्या फाईलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर. मूळ फोटोला हात लावायचा नाही. दुसरे, एका साध्या तक्त्यात चार रकाने : जुने नाव, नवे नाव, बदलाची तारीख, कारण. तिसरे, आज्ञा चालवण्याआधी ‘-एन’ हा पर्याय जोडून नुसती तालीम. यात काहीच बदलत नाही, फक्त काय बदलणार होते त्याची यादी पडद्यावर येते. ती यादी चहा घेत सावकाश वाचायची. एकच नवे नाव दोनदा आले आहे का, हे पाहायचे. मगच खरी आज्ञा. तक्ता उलटा वाचला की सगळे परत पहिल्यासारखे करता येते. मात्र टकरीत एखादी फाईल आधीच पुसली गेली असेल तर तक्ता तिला आणून देऊ शकत नाही, म्हणून पहिली पायरी गाळायची नाही.

नाव कसे असावे याचाही नियम सोपा आहे. आधी साल, मग महिना, मग दिवस. १९८८ पासून तारखा लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय मानक हेच आहे. असे लिहिले की यंत्राने अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या फाईली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. नंतर गाव, तालुका, कागदाचा प्रकार, आणि शेवटी तीन आकडी क्रमांक, ००१ पासून. कारण नुसते १, २, ३ लिहिले तर अनेक साधनांत १० हा २ च्या आधी येऊन बसतो. नाव लांब करू नये. लिनक्सवर नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट खाते. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे, त्यात काना-मात्राही मोजायच्या. विंडोजवर चाललेले लांब मराठी नाव तिथे अडते.

आणि जिल्ह्याचे नाव? कागद ज्या काळचा, त्या काळचे नाव. १९५१ च्या दाखल्यावर ‘अहमदनगर’ आहे तर फाईलीवर ‘अहमदनगर’. २०२५ च्या दाखल्यावर ‘अहिल्यानगर’ आहे तर ‘अहिल्यानगर’. ज्याला एकाच नावाने सगळे शोधायचे आहे त्याच्यासाठी तक्त्यात एक रकाना वाढवायचा, ‘आजचा जिल्हा’. तिथे सगळ्यांसमोर ‘अहिल्यानगर’ लिहावे. कुणाचा अपमान होत नाही, कुणाचा पुरावा बुडत नाही.

मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ या पीरावरून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरेने सांगितले जाते. ही नावे कुणी फर्मानाने लादली नव्हती, म्हणून ती टिकली. पाट्या सरकारच्या असतात, त्या सरकार बदलील. घरातल्या पेटीतले कागद मात्र आपले आहेत. हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी, मग तो मुसलमान असो, महादेव कोळी असो की मराठा, असे चार-दोन कागद निघतीलच. त्यांचे फोटो काढा, त्यांना नीट नावे द्या, हवी तर एका आज्ञेत द्या. फक्त कागदावर जे अक्षर आहे ते दुरुस्त करू नका. आणि जुने नाव काय होते ते वहीत लिहून ठेवा. आपल्या पोरांना ती वही लागणार आहे.